बंदीने गाणं मोठं होत नाही

जगात कुठेही एखादं गाणं, सिनेमा किंवा पुस्तक दडपलं गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: बंदी घातली ना, आता ते घराघरांत पोचणार. हाँगकाँगबद्दल बोलताना तर भले भले अभ्यासक हे वाक्य उच्चारतात आणि निश्चिंत होतात. ही निश्चिंती मला घातक वाटते. दडपशाहीने नेमकं काय हिरावून घेतलं, हे पाहण्याची गरजच तिच्यामुळे उरत नाही.

पुरावा म्हणून सांगितला जाणारा प्रसंग खरा आहे. 'ग्लोरी टू हाँगकाँग' हे हाँगकाँगच्या २०१९च्या लोकशाहीवादी आंदोलनात एका निनावी संगीतकाराने रचलेलं गाणं. जून २०२३मध्ये सरकारने त्याविरुद्ध न्यायालयात मनाई हुकूम मागितला, आणि लोकांनी ते इतकं विकत घेतलं की आयट्यून्सच्या स्थानिक यादीत त्याच्या अनेक आवृत्त्या वर जाऊन बसल्या. उच्च न्यायालयाने आधी हुकूम नाकारला. मे २०२४मध्ये अपील न्यायालयाने तो दिला आणि यूट्यूबने हाँगकाँगपुरते ३२ व्हिडिओ बंद केले. तरी गाणं हजारो फोनमध्ये आहेच, मग सरकार हरलं नाही का, असा हा युक्तिवाद.

नाही, हरलं नाही. सप्टेंबर २०१९मध्ये शा टिनच्या न्यू टाउन प्लाझा मॉलमध्ये काय घडलं ते आठवावं. संध्याकाळी मजल्यामजल्यांवर कठड्यांना टेकून माणसं उभी होती. गाणं नवं, पुष्कळांना पाठही नव्हतं. शब्द फोनवर नाहीतर कागदावर बघून ते म्हटलं जात होतं. वरच्या मजल्यावरच्याला खालचा अनोळखी माणूस तेच म्हणताना दिसत होता, खालच्याला वरचा. गाणं आपल्याला येतं हे प्रत्येकाला ठाऊक होतंच. आता ते इतरांनाही येतं, आणि आपल्याला येतं हे इतरांना कळलं आहे, हेही दिसलं. हेडफोन लावून ऐकणाऱ्या लाखभर माणसांना यातलं काहीच मिळत नाही. एकेकट्याला गाणं येणं आणि सगळ्यांना मिळून येणं, माझ्या लेखी हा सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे.

सत्तेला हा फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. मनाई हुकुमाचा रोख गाणं फुटीरतेच्या हेतूने सादर आणि प्रसारित करण्यावर आहे; पत्रकारिता आणि अभ्यास यांना त्यात सूट आहे. सप्टेंबर २०२२मध्ये राणी एलिझाबेथच्या निधनानंतर ब्रिटिश वकिलातीबाहेर एकाने माऊथ ऑर्गनवर हे सूर वाजवले, भोवतालचे लोक गाऊ लागले, आणि वाजवणाऱ्याला राजद्रोहाच्या संशयावरून अटक झाली. बसथांब्यावर एर्हू हे चिनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या एका वृद्धावर खटला भरला तो विनापरवाना वाद्य वाजवल्याचा. सूर सार्वजनिक जागेत पोचला आणि त्याभोवती माणसं जमू शकली, की कायदा जागा होतो.

म्हणूनच आंदोलकांनी एकत्र म्हणायला गाणी निवडली ती बहुतेक वेळा बंदी नसलेली. जून २०१९मध्ये विधिमंडळाबाहेर तासन्‌तास 'सिंग हॅलेलूया टू द लॉर्ड' हे ख्रिस्ती भजन चाललं. श्रद्धा होतीच, पण धार्मिक मेळाव्याला जमावाच्या कायद्यातून सूट आहे हेही गाणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. चीनच्या मुख्य भूमीवर नोव्हेंबर २०२२मध्ये उरुमचीतल्या आगीत दहा जण गेल्यावर विद्यार्थी निषेध म्हणून कोरे कागद धरून उभे राहिले, तेव्हा त्यांनी म्हटलं 'इंटरनॅशनल' आणि देशाचं राष्ट्रगीत. ती त्यांना बालपणापासून शाळेने शिकवली होती. पोलिसांसकट सगळ्यांना येणारी तीच होती.

तैवानी गायिका तेरेसा तेंगचं उदाहरण पुढे येईल, हे मी धरून चालतो. ऐंशीच्या दशकात तिच्या कॅसेट चोरून मुख्य भूमीवर पोचल्या, तिच्या गाण्यांना सांस्कृतिक प्रदूषण म्हणणारे थकले, सगळं खरं. पण ते ऐकणं बंद दाराआडचं होतं, आणि त्यासोबत राजवट खुशाल नांदली. मे १९८९मध्ये बीजिंगच्या तिअनआनमेन चौकातल्या आंदोलक विद्यार्थ्यांसाठी ती जाहीरपणे गायली ती हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीत. मुख्य भूमीवर गाण्याची तिची इच्छा १९९५मध्ये ती गेली तोवर पुरी झाली नाही. हा बंदीचा पराभव म्हणावा कसा?

उलट तैवान पाहा. २०१४च्या विद्यार्थ्यांच्या सूर्यफूल आंदोलनासाठी फायर ईएक्स या बँडने 'आयलंड्स सनराइज' रचलं. पुढच्या वर्षी त्याला गोल्डन मेलडी पुरस्कार मिळाला, २०१६मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला ते जाहीर वाजलं. अडतीस वर्षांचा लष्करी कायदा सोसलेल्या बेटावर हे गाणं मोठं झालं ते मोकळीक होती म्हणून.

गाण्याने राजवट उलथत नाही, हा आक्षेप कुणी न केलेल्या दाव्याला उत्तर देतो. सगळं परकीयांचं कारस्थान, या म्हणण्यावर शाई खर्चायचं कारण नाही. मला झगडायचं आहे ते माझ्याच बाजूच्या, सद्‌हेतूने दिलासा देणाऱ्यांशी. जुलै २०२०मध्ये, राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाल्यावर सुमारे आठवडाभराने, हाँगकाँगच्या शिक्षणमंत्र्यांनी हे गाणं शाळेत म्हणण्याला मनाई केली. मनाई हुकूम त्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी आला. त्याआधीच गाण्याची पुढच्या पिढीकडे जाण्याची वाट अडवून झाली होती. लंडन-टोरांटोत स्थायिक झालेले हाँगकाँगकर ते अजून जमून गातात. शहरातल्या मुलांना आईवडिलांनी दार लावून शिकवलं, तरच ते येईल. शेजारच्या बाकावरच्यालाही ते येतं का, हे विचारायची मात्र त्या मुलांना सोय नाही, आणि डाउनलोडचे कितीही मोठे आकडे ती त्यांना मिळवून देणार नाहीत.