उतारवयातील शिष्यत्व

ज्याचे हात एका विद्येत मुरले आहेत, त्याने उतारवयात पुन्हा अजाण विद्यार्थी व्हावे काय? आणि तसे व्हा, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाचा? हे प्रश्न आम्हांस एका फलकाने विचारले.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पनवेलच्या बाजारपेठेतील पाट्या हाताने रंगवलेल्या असत. जाणकारास अक्षराच्या वळणावरून रंगाऱ्याचे नाव सांगता येई. अशाच एका रंगाऱ्याकडे, आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्या काळापासून, मंदिराच्या सणाचा फलक असे. खडूच्या सुताने ओळी आखाव्यात, मग श्वास रोखून शिरोरेषा ओढावी, हा त्यांचा शिरस्ता. काही वर्षांपूर्वी आम्ही तो फलक फ्लेक्सच्या दुकानात दिला. पैसे वाचले आणि काम एका संध्याकाळीत झाले. पेंटर भेटले तेव्हा आम्ही सहज म्हणालो, "तुम्हीही आता संगणक शिकून घ्या." सल्ला फुकटचा होता आणि तो द्यायला आम्हांस क्षणही लागला नाही.

सणाच्या दिवशी फलकावर स्नेहभोजन रांधणाऱ्यांचे आभार मानलेले होते. 'आचाऱ्यांचे' असे हवे होते, छापले गेले 'आचार्यांचे'. आमचे स्वयंपाकी एका रात्रीत विद्वान झाले! सारे हसले. पेंटर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी विचारले, "फादर, हा र यंत्राला कळत नाही की त्या मुलाला? एकदा पाहायला हवे." डोक्यावरचा रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र हा मराठीतील भेद त्यांच्या कुंचल्याने हजारो वेळा पाळला होता. संगणकातही दोन्ही खुणा आहेत. कोणती कोठे, हे मात्र टंकणाऱ्यासच ठाऊक हवे. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी 'कोरलड्रॉ' शिकण्याच्या वर्गात नाव घातले.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले, त्यावरून ही विद्या किती परकी असते याची आम्हांस कल्पना आली. कुंचला जेथे टेकतो तेथेच डोळा असतो. येथे हात मेजावर आणि डोळा पडद्यावर. कुंचल्याचे अक्षर हे एक फटकारा असते, मनगट वळले की ते जाड-बारीक होते. संगणकाचे अक्षर म्हणजे रेषेने वेढलेली जागा. तिच्या कडेवर बिंदू असतात आणि त्यांच्या अदृश्य दांड्या ओढून बाक साधावा लागतो. एक बिंदू अधिक पडला तर वेलांटीला टेंगूळ येते. आज्ञा सगळ्या इंग्रजीत आणि शिकवणारी मुलगी नातीच्या वयाची. "काका, कंट्रोल आणि झेड दाबा, चूक पुसली जाईल," असे ती सांगे. ते आम्हांस म्हणाले, "चूक पुसली जाते फादर, लाज पुसली जात नाही."

कला हातात असते, यंत्र तिला भ्रष्ट करते, असे म्हणून हा सारा खटाटोप नाकारता येईल. आम्हांस ते पटत नाही. देवनागरीचे जाड-बारीक वळण तरी कोठून आले? तिरकस कापलेल्या बोरूच्या टोकातून. साधन नसले तर काय होते, हे आपल्याच इतिहासात लिहिलेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली वरिष्ठांना पत्र लिहिले. या देशाच्या लिपीत पुस्तके छापावीत अशी त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. पण युरोपातील २४ अक्षरांच्या जागी येथे सुमारे ६०० साचे ओतावे लागणार, ही अडचण होती. अखेर १६१६ साली त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. साधनावाचून शब्दांना आपला वेष मिळाला नाही.

याउलट उदाहरण र. कृ. जोशी यांचे. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातील नावाजलेले कलावंत. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९८३ साली, ते मुंबईच्या आय. आय. टी.त अध्यापनासाठी गेले आणि पुढे संगणकावरील भारतीय लिप्यांच्या कामात रमले. 'विंडोज २०००' बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा. बोरू जाणणारा माणूस यंत्रापाशी गेला, म्हणून लाखो लोकांना आपल्या लिपीत लिहिता आले. तो न जाता, तर लिपी न जाणणाऱ्यांनीच ते काम केले असते.

तेव्हा शिकणे हे कर्तव्य आहे, असे म्हणून आम्ही थांबलो असतो. पण न्यायाचा प्रश्न उरतोच. जोशींच्या पाठीशी संस्था होत्या. आमच्या पेंटरांचा वर्गाचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्यांचे काम काढून घेऊन आम्ही काही शे रुपये वाचवले आणि वर उपदेश केला. जो दुसऱ्यास 'शिका' म्हणतो, त्याने त्या शिकण्याचा काही भार उचलला पाहिजे. नाहीतर तो सल्ला नव्हे, सभ्य भाषेतील निरोप होय.

पुढच्या सणाचा फलक आम्ही त्यांनाच दिला आणि दुकानाच्या एका संध्याकाळीऐवजी तीन आठवडे दिले. अक्षरे त्यांनी आधी कागदावर कुंचल्याने काढली, ती स्कॅन केली आणि एकेका वळणावर बिंदू बसवत गेले. दोन ठिकाणी वेलांटीला टेंगूळ राहिलेच. परंतु अक्षरांमधील मोकळी जागा जेथे हवी तेथे होती आणि आचारी आचारीच राहिले होते. हाताची चाळीस वर्षांची सवय यंत्रापुढे निरुपयोगी ठरली. डोळ्याची पारख मात्र जशीच्या तशी पलीकडे गेली.

वाचकहो, आपल्या घरीही असे कोणी असेल, नव्या यंत्रापुढे बसून मनातून खजील झालेले. त्यांची चूक सुधारण्यापूर्वी थोडे थांबावे. आम्ही आता पेंटरांना काम सांगताना प्रथम एवढेच विचारतो, "किती दिवस हवेत?" गेल्या वर्षी ते म्हणाले, "आठ पुरेत."