दुष्टाचे घर, भोळ्याचे दार

नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात दुर्जनाच्या घराविषयी आणि सरळमार्गी माणसाच्या तंबूविषयी एक वचन आहे. घर मोडून पडते आणि तंबू मात्र बहरतो, असा त्याचा आशय. २०२४ सालच्या आगमनकाळात डोंबिवलीतील एका कुटुंबात प्रार्थनेसाठी जमलो असता हे वचन वाचले गेले. वाचन संपल्यावर त्या घरची गृहिणी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, घर बांधले दुष्टाने, पण पाडले जाणार ते माझे. मग शास्त्रात दुष्ट म्हटले आहे ते कोणाला?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. चहा घेतला आणि निघालो.

त्याआधीच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला होता. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे या इमारतींची महारेराकडे नोंदणी करून घेण्यात आली होती. त्या ६५ पैकी एका इमारतीत ती राहत होती.

तिचा प्रश्न मनात धरून आम्ही नीतिसूत्रे पुन्हा वाचली. दहाव्यापासून पंधराव्या अध्यायापर्यंत बहुतेक वचनांचे दोन भाग पडतात. एका भागात नीतिमान, दुसऱ्यात दुर्जन. हिब्रू भाषेत पहिल्याला 'सद्दीक' आणि दुसऱ्याला 'राशा' म्हणतात. हे शब्द न्यायसभेतलेही आहेत. ज्याची बाजू न्याय्य ठरते तो सद्दीक, जो दोषी ठरतो तो राशा. म्हणूनच की काय, हा ग्रंथ उपासतापासाविषयी फारसे बोलत नाही. तो बोलतो तराजूविषयी, खोट्या वजनांविषयी, सरकवलेल्या बांधाच्या दगडाविषयी आणि पदराआडून दिलेल्या लाचेविषयी. नीतिमानाचे भले झाले की सगळे नगर आनंदते, असेही तो सांगतो. म्हणजे नीतिमत्ता ही खाजगी बाब नव्हे, ती नगराची बाब आहे.

पहिल्या स्तोत्रातील वाऱ्याने उडणारा भुसा आमच्या भागातील जुन्या माणसांना समजावून द्यावा लागत नसे. कल्याणच्या आसपास भाताची खळी होती. उपणताना दाणा खाली पडे, भुसा वाऱ्यावर जाई. त्या खळ्यांच्या जागी आज सात-सात मजले उभे आहेत, आणि दाणा कोणता, भुसा कोणता, हे नुसते पाहून कळत नाही.

४ एप्रिल २०१३ रोजी, पुनरुत्थान सणाच्या अष्टकातील गुरुवारी, मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाऊंडमधील एक बेकायदा इमारत संध्याकाळी कोसळली. ७४ जीव गेले. त्यांत लहान मुले होती, तेथेच काम करून तेथेच राहणारे मजूर होते. इमारत थोड्याच महिन्यांत घाईने उभारलेली होती आणि तिचे काम निकृष्ट होते. पुढे ती बांधणाऱ्यांना व काही महापालिका अधिकाऱ्यांना अटक झाली. दुष्टाचे घर पडते हे वचन त्या दिवशी अक्षरशः खरे झाले, आणि तरी ते उच्चारताना जीभ अडखळते. कारण ते ज्यांच्यावर पडले, त्यांनी ते बांधले नव्हते.

बायबलला ही अडचण ठाऊक आहे. ईयोबाची दहा मुले घर कोसळूनच गेली, थोरल्या भावाकडे जेवत असताना. मित्रांपैकी एकाने, मुलांनीच पाप केले असेल, असे बापाच्या तोंडावर सुचविले. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर रागावतो तो ईयोबाच्या या मित्रांवर. घर कोणावर पडले यावरून दुष्ट ओळखायचा नसतो. ते कोणी आणि कसे बांधले, हे पाहावे लागते.

येथवर त्या भगिनीचे उत्तर मिळाले, असे म्हणता येईल. आमचे मात्र मिळाले नव्हते. नीतिसूत्रांत एक तिसरा माणूस आहे, त्याच्याकडे आम्ही इतकी वर्षे लक्षच दिले नव्हते. त्याला हिब्रूत 'पेती' म्हणतात, म्हणजे भोळा, कोणाच्याही शब्दावर विसंबणारा. नवव्या अध्यायात प्रज्ञा सात खांबांचे घर बांधून त्याला बोलावते. मूर्खताही आपल्या दाराशी बसून त्यालाच बोलावते. दोघींच्या हाकेचे पहिले शब्द तेच आहेत! खोट्या परवानगीवरचा शिक्काही खऱ्यासारखाच दिसतो. भोळ्याला हा ग्रंथ दुष्ट म्हणत नाही, पण त्याला मोकळेही सोडत नाही. संकट दिसत असता तो पुढे चालत राहतो आणि भोगतो, असे दोनदा बजावतो.

त्या भगिनीला भोळी म्हणणेही अन्यायाचे होईल. तिने महारेराचा क्रमांक पाहिला होता, बँकेने कागद पाहून कर्ज दिले होते. तिने आणखी काय पाहायचे होते? आमची गोष्ट निराळी आहे. आम्ही डोंबिवलीत घर घेतले तेव्हा विकणाऱ्याने काही रक्कम धनादेशाने आणि काही रोख मागितली. रोख कशासाठी, हे न कळण्याइतके आम्ही अजाण नव्हतो. भोगवटा प्रमाणपत्राविषयी एकदा विचारले. "येईल," तो म्हणाला. पुन्हा विचारले नाही, कारण भाव कमी होता आणि अधिक विचारपूस केली तर तो वाढेल, अशी धास्ती होती. फादरांना बोलावून घराला आशीर्वाद घेतला, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लावली. त्या संध्याकाळी सर्वांनी मिळून पहिले स्तोत्र म्हटले, आणि पाण्याकाठचे झाड ते आपणच, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आमची ती रोख रक्कम पुढे कोणाच्या पदरात पडली, ते आम्हांस ठाऊक नाही. तिच्यासारख्याच रकमांवर पुढची कोणती इमारत उभी राहिली, तेही नाही. भोळा माणूस फसतो. फसवणूक स्वस्त पडते म्हणून जो डोळे मिटतो, त्याला नीतिसूत्रांत कोणता शब्द आहे, ते आम्ही शोधले. सद्दीक तर तो खचितच नव्हे.

पुढच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही त्या घरी पुन्हा गेलो आणि हे सारे सांगितले, रोख रकमेसह. तिने शांतपणे ऐकले. मग कपाटातून कागदांची पिशवी काढली आणि पोलिसांत द्यावयाची तक्रार नीट लिहून मागितली. ती लिहिण्यात दुपार गेली.

आमच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र अद्याप आलेले नाही. सोसायटीच्या सभेत आम्ही तो विषय काढला, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारले, "इतकी वर्षे गप्प होतात, मग आताच का?"