आठ वर्षांची लेक

मराठी लग्नात जेवणावळी उरकल्या, मांडववाला खुर्च्या गोळा करू लागला, की झाल होते. वेळूच्या परडीत दिवे लावून ती वराकडच्या एकेकाच्या डोक्याला टेकवतात आणि गुरुजी एक संस्कृत श्लोक म्हणतात. अर्थ असा की, आठ वर्षांची ही लेक मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली, मायेने सांभाळा. समोरची नवरी 29 वर्षांची असते, हिंजवडीत नोकरी करते, फ्लॅटचे हप्ते स्वतः भरते. हिशेब कुठेच जुळत नाही, तरी बापाचा गळा दाटतो.

हा हिशेब एके काळी बरोबर होता. 1873 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा रमाबाई 11 वर्षांच्या होत्या. आनंदीबाई जोशी तर 9 च्या. 1875 च्या कायद्याने सज्ञान होण्याचं वय 18 ठरवलं, पण लग्न त्यातून वगळलं. म्हणजे जमिनीचा व्यवहार करायला अजाण असलेली पोर सासरी नांदायला मात्र जाणती! संमतिवय 10 वरून 12 करायचं म्हटल्यावर 1891 मध्ये पुण्यात केवढा गदारोळ झाला. शारदा कायद्याने 1929 मध्ये मुलींच्या लग्नाचं वय 14 वर आणलं, आणि 18 व्हायला 1978 उजाडलं.

त्यामुळे लेक मोठी होताना आईबापांना दिसतच नसे. तिची उंची, तिचे रुसवे, तिची अक्कल, सगळं दुसऱ्याच्या घरात वाढायचं. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी ते पहाटे बोलून घेतलं. पुरुषांना तशी सोय नव्हती. म्हणून शाकुंतलाच्या चौथ्या अंकातला कण्व मला मोठा वाटतो: रानातला तपस्वी, तोही मानलेल्या मुलीसाठी कासावीस होतो आणि संसारी बापांचं काय होत असेल, असा विचार करतो.

मुलाच्या बाबतीत आपण ताटातुटीची नुसती रंगीत तालीम केली. मुंजीत मातृभोजन असतं. मुंजा आईच्या ताटात शेवटचा जेवतो. आई त्याला घास भरवते, भोवती आठ-दहा बटू पंगतीला बसलेले असतात आणि कॅमेरेवाला ‘परत एकदा भरवा’ म्हणून तोच घास दोनदा घ्यायला लावतो. मग मुंडन, मेखला, आणि पहिली भिक्षा आईचीच. विधीप्रमाणे तो गुरुगृही निघालेला असतो. प्रत्यक्षात संध्याकाळी आईच्याच मांडीवर पेंगतो. मुलगा खरा गेला तो कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत, आणि अमेरिकेने 1965 मध्ये कायदा बदलल्यावर इंजिनिअर होऊन तिकडे. त्या जाण्याला कुठलाच संस्कार नव्हता. दर महिन्याची मनीऑर्डर आणि निळं अंतर्देशीय, नाहीतर विमानतळावरचा हार, एवढंच.

आता मुलगा काय नि मुलगी काय, दोघंही जातात. आणि आधीच्या पिढ्यांपेक्षा आपलं दुखणं एका बाबतीत वेगळं आहे, असं मला वाटतं. पूर्वी रीत मुलीला ओढून न्यायची, पोट मुलाला न्यायचं. बोट दाखवायला कुणीतरी असायचं. आज त्यांना आपणच लोटतो. दहावीनंतर लातूरचे नाहीतर कोटाचे क्लास, हॉस्टेलची फी, जर्मनीचे फॉर्म, सगळ्यांच्या रांगेत आपणच उभे. शिवाय पुरी 18 वर्षं आपण एकेक इंच पाहिलेला असतो. पोरगं मार्गी लागलं म्हणून पेढे वाटायचे आणि तेच पेढे खाताना घशात अडकतात. तक्रार कुणाकडे करणार?

या जाण्यालाही संस्कार नाही. त्यातल्या त्यात जवळचा विधी आहे तो बँकेत. मूल 18 चं झालं की पालकाला त्याचं अज्ञान खातं चालवता येत नाही. नवी केवायसी, नवी सही. आमची कन्या सही करत होती तेव्हा काउंटरवरच्या बाई मला म्हणाल्या, “काका, तुम्ही बसा तिकडे, तुमचं काही काम नाही.” अगदी सहज म्हणाल्या. मग कन्येने बाकावर बसून पिन टाकला आणि मोबाइल माझ्याकडून जरा पलीकडे वळवला. तसंच करायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. मला बरं वाटलं आणि उरलेला दिवस उगाच चिडचिड झाली. रात्री भाजीत मीठ कमी आहे म्हणालो, तर बायको म्हणाली, “भाजी रोजचीच आहे. बँकेत काय झालं ते सांगा.”