पोत आणि प्राण

वन्य जीवांची अगदी निकटून घेतलेली छायाचित्रे हल्ली घरोघर पाहावयास मिळतात. सरड्याच्या पाठीवरील एकेक खवला, फुलपाखराच्या पंखावर कौलांप्रमाणे रचलेली सूक्ष्म पुटे पाहून आपण सहज म्हणून जातो, ‘किती हुबेहूब!’ परंतु बारकावा आणि सत्य ही एकच होत काय, याचा विचार करणे अवश्य आहे.

भिंग जीवाच्या जितके जवळ जावे, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. माशीचा डोळा रेखीव उमटला, तर तिचे पंख धुक्यात जातात. म्हणून कित्येक छायाचित्रकार थरामागून थर टिपून मग ते एकत्र सांधतात. लेव्हन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील कीटकांची चित्रे अशीच सिद्ध केली. २०१६ साली मांडलेल्या त्या प्रदर्शनातील एकेक चित्र ८,०००हून अधिक छायाचित्रांचे होते. ते कीटक मृत होते, आणि ही गोष्ट कोणापासून लपविलेली नव्हती. तेव्हा तेथे तक्रारीस जागाच नाही.

जिवंत मुंगी मात्र इतका वेळ कोणासाठी थांबणार? मग कोणी तिला शीतपेटीत गारठवून सुन्न करतो व पानावर नेऊन ठेवतो. चित्रात प्रत्येक केस खरा असतो. ते स्वस्थ बसणे तेवढे खोटे असते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०१७ साली पारितोषिक दिलेले, वारुळाजवळच्या मुंगीखाऊचे एक चित्र २०१८ साली बाद ठरविले. तो प्राणी पेंढा भरलेला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला तो अंगावरील खुणा व केसांच्या झुपक्यांची ठेवण ताडून! छायाचित्रकाराने आरोप नाकारला, हेही सांगितले पाहिजे.

‘चित्राने प्राण्यांविषयी प्रेम वाढत असेल, तर घटकाभराच्या गारठ्याने काय बिघडले?’ असे कोणी विचारील. शास्त्रीय ओळखीसाठी नमुना घ्यावा लागतो, हे मला मान्य आहे. पण आपल्या दिवाणखान्यातील कौतुकासाठी त्या जीवाने सुन्न व्हावे, हे माझ्या मनास पटत नाही. ज्याचे चलनवलन आपण हिरावून घेतले, त्याच्यावरील हे प्रेम कोणत्या जातीचे?

पहाटेच्या दवाने जड झालेला चतुर गवताच्या पात्यावर आपण होऊनच निश्चल असतो. त्या वेळी ओल्या गवतात गुडघे टेकून थांबणाऱ्यास त्याच्या पंखांची जाळी टिपता येते. ऊन चढताच तो उडून जातो. हाती आलेल्या चित्रात शेपटीचे टोक कदाचित अंधुकच राहिलेले असते.