आत्मकथन आणि करुणा

भोगलेले दुःख आठवावे की विसरावे? तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आपली जीवनकथा अभंगांतून स्वतः सांगितली. बालवयातील विवाह, कोल्हापुरी लळा लागलेले वासरू, हरिकीर्तनाच्या ओढीपायी पतीच्या हातून सोसलेला मार, पुढे त्या वासराचा मृत्यू. यातील काहीही त्यांनी झाकले नाही. मारास मारच म्हटले. परंतु घर सोडू पाहणारा तोच पती आजारी पडला, तेव्हा त्यांनी त्याची शुश्रूषा केली, त्याचे मन पालटले आणि उभयता देहूस गेली, हेही त्यांनी तितक्याच प्रांजळपणे नोंदविले. क्षमा म्हणजे विस्मरण, असा अनेक भाविकांचा समज असतो. बहिणाबाई तर काहीच विसरल्या नव्हत्या. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांच्या समाधीपुढे नतमस्तक होताना त्या मुक्या वासराचेही स्मरण करावे.