दहा बाय दहाच्या खोलीतले डोळे

अकरावी-बारावीसाठी घर सोडून लातूरला येऊन राहिलेल्या तुझ्यासाठी हे लिहिते आहे. नांदेडला असशील, कोट्याला असशील किंवा पुण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत, तरी चालेल. आत्ता बहुधा फोनच हातात असेल. असू दे. तो बाजूला ठेव असं मी इतक्यात म्हणणार नाही.

बसण्यात काही बदल करू नकोस. पाठ वाकलेली असेल तर वाकलेलीच राहू दे. फक्त फोन चेहऱ्यापासून किती लांब आहे, तेवढं पाहा. वीतभर? थोडा जास्त? आडवं पडून वाचत असशील तर आणखी जवळ असेल, आणि एक डोळा उशीत अर्धा बुडालेला. सुधारायची घाई नको, नुसतं ते अंतर पाहा.

आता त्या अंतराच्या अलीकडे ये, डोळ्याच्या आत. तिथे भिंगाभोवती स्नायूचं एक कडं आहे. दूर पाहताना ते सैल असतं. जवळचं पाहायचं झालं की ते आवळतं, भिंग फुगीर होतं आणि अक्षर स्पष्ट दिसतं. आवळावं किती लागतं याचा हिशेब तुला भौतिकशास्त्रातून ठाऊक आहे: एकाला मीटरमधल्या अंतरानं भागायचं. सहा मीटरवरच्या झाडासाठी जवळपास शून्य. 33 सेंटीमीटरवरच्या पुस्तकासाठी 3 डायॉप्टर. 20 सेंटीमीटरवरच्या फोनसाठी 5. शिवाय दोन्ही डोळे नाकाच्या दिशेनं वळवून तसेच धरून ठेवावे लागतात.

भुवयांच्या मध्ये लक्ष ने. तिथे काही ओढल्यासारखं वाटतं का? कानशिलांत? काही जाणवत नसेल तर नसू दे. जाणवत असेल तर त्याला लगेच डोकेदुखी म्हणू नकोस. बराच वेळ काहीतरी धरून ठेवलंय, एवढंच समज.

रात्री साडेदहाला काय होतं ते आठव. दुप्पट वेगानं लावलेलं लेक्चर संपतं. मेंदू शिणलेला असतो, म्हणून दहा मिनिटं विश्रांती घ्यायची ठरते. अंगठा आपोआप रील्सकडे जातो. हसू येतं, जिवाला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खरंच असतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण डोळ्याचं काय झालं? तो तिथेच आहे. तीच काच, तेवढंच अंतर, आणि कडं तसंच आवळलेलं. डोळ्याला विषय कळत नाही. त्याला अंतर कळतं. तुझी सुट्टी झाली, त्याचा तास सुरूच राहिला.

यावर जरा थांब. आजच्या दिवसात डोळ्याला सुट्टी कधी मिळाली, ते मागे जाऊन शोध. क्लासला चालत जाताना? की तेव्हाही ग्रुपवरचे मेसेज?

आता मान वर कर आणि खोलीतली सगळ्यात लांबची वस्तू शोध. दार, दोरीवरचा टॉवेल, भिंतीवर चिकटवलेला सूत्रांचा कागद. असं मधूनमधून लांब पाहायला सांगणारे कॅलिफोर्नियाचे जेफ्री अँशेल हे नेत्रतज्ज्ञ. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे पाहावं, हा सल्ला त्यांनी 1990 च्या दशकात दिला. आकडे लक्षात ठेवायला सोपे, म्हणून तो जगभर गेला असावा. पण हॉस्टेलची खोली दहा बाय दहा. तिच्यात 20 फूट आणायचे कुठून? अभ्यासिकेतल्या कप्प्यात तर नाकासमोर दोन फुटांवर प्लायवूड. तिथे मान वर करूनही डोळ्याला पुरती सुट्टी नाहीच. मुलं आळस करतात म्हणून डोळे दुखतात, असं बोलणाऱ्यांनी ती खोली एकदा पाहावी.

म्हणून ऊठ. फोन गादीवर राहू दे. गॅलरीत जा, नाहीतर गच्चीवर. रात्र असली तरी हरकत नाही. पलीकडच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, रस्त्याच्या टोकाचा दिवा, जे लांब असेल ते. पहिले काही क्षण ते धूसर दिसेल. दचकू नकोस, कडं सैल व्हायला वेळ घेतं. कडा हळूहळू रेखीव होतात का, ते पाहा. होत असताना पाहा. ही गोष्ट एरवी आपल्या लक्षातच येत नाही.

तिथेच उभं राहून पापण्या मिट. पूर्ण मिट, वरची खालचीला टेकेपर्यंत. उघड. पुन्हा मिट. पापण्यांच्या काठावर तेलाच्या बारीक ग्रंथी आहेत; मिटताना त्यांतलं तेल अश्रूंच्या थरावर पसरतं आणि पाणी लवकर सुकत नाही. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधरा-वीसदा लवते. पडद्याकडे पाहताना ते पाच-सातवर येतं, आणि त्यातल्याही बऱ्याच उघडझापी अर्धवट. वर पंखा पाचवर. मग डोळे चुरचुरणार, आणि आपण ते चोळणार. चोळू नकोस. स्वतःच्या पापण्या मोजायला गेलं की त्या जास्तच लवतात. रूममेटला सांग, लेक्चर चालू असताना तुला न कळवता मिनिटभर मोजायला.

हठयोगात त्राटक नावाची क्रिया आहे: पापणी न लववता एका बारीक बिंदूकडे पाहायचं. पण डोळ्यांत पाणी आलं की ती थांबते. क्लासवाल्यांनी तसा काही नियम केलेला नाही.

निळा प्रकाश अडवणारे चष्मे विकत घ्यावे का, हा प्रश्न हमखास येतो. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 2023 मध्ये 17 चाचण्या एकत्र तपासल्या. डोळ्यांचा ताण त्या चष्म्यांनी कमी होतो असं काही दिसलं नाही. पैसे मेसला लागतील. उन्हाचं मात्र वेगळं आहे. तैवाननं 2010 पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर काढायला उत्तेजन दिलं आणि लांबचं धूसर दिसणाऱ्या मुलांचं वाढत चाललेलं प्रमाण उतरू लागलं. नीटच्या वर्षात दोन तास कोण देणार, हे मलाही कळतं. पण सकाळचा नाश्ता उभ्यानं अंगणात होऊ शकतो. पडदा टाळता येणार नाही. सीईटी तर संगणकावरच द्यायची आहे.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलऐवजी साधा फोन लाव आणि गच्चीवर फिरत बोल. चेहरा दिसत नाही म्हणून ती कुरकुरेल. मग विचारेल, नंबर कधी तपासलास? वर्ष उलटलं असेल तर तसं सांग. गॅलरीत बराच वेळ उभं राहूनही टाकी धूसरच राहत असेल, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवावं लागत असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर तेही सांग, आणि रविवारची टेस्ट झाली की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये.