माळवदावरची माती

मागच्या मे महिन्यात नायगावला गेलो, तेव्हा मोबाईलमध्ये मातीच्या घरांचे साठ-सत्तर फोटो होते. पुण्यात रात्री जागून सेव्ह केलेले. आमच्या जुन्या घराचं काय करायचं, हे ठरत होतं. बाबांच्या मनात स्लॅब होता, माझ्या मनात माती. आईला एकेक फोटो दाखवला. तिनं सगळे शांतपणे बघितले आणि विचारलं, “छान हायत. अन् सारवणार कोण?”

मी गप्प.

“तू दिवाळीला चार दिवस येणार. पोतेरं मी घालायचं, पावसाळ्याआधी वर माती मी वाहायची, अन् फोटो तू काढायचे.”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. शेजारच्या स्लॅबच्या घरात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि आमच्या माळवदाखाली भर दुपारी झोप लागते. हे सगळं खरं होतं. पण आईनं ते विचारलंच नव्हतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. माळवद म्हणजे मराठवाड्यातलं मातीचं सपाट छत. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी सहसा झिरपू देत नाही. आमच्याकडे गाव वसलेल्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. त्या पांढरीतलीच ही माती. खाली दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती.

अशाच भिंतींनी आणि अशाच छतांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची गावं गाडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यानुसार सुमारे ८,००० माणसं गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यांत सुरक्षित, म्हणजे झोन एकमध्ये होता. पुढे २००२ मध्ये तो झोनच रद्द झाला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. बाबा सांगतात, नायगावात फडताळातली भांडी वाजली, आणि नंतर कित्येक रात्री सगळी गल्ली अंगणात झोपली.

त्या दगडी भिंती बाहेरून एकसंध दिसत. प्रत्यक्षात त्या दोन भिंती होत्या, एक बाहेरची आणि एक आतली, मधल्या पोकळीत गोटे आणि माती भरलेली. दोघींना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक घरांत नव्हतेच. जमीन हलली तशा त्या एकमेकींपासून सुटल्या आणि कोसळल्या. वरून माळवद आलं. ज्यांना दगडी घर परवडत नव्हतं, त्यांच्या कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्या मात्र बऱ्याच टिकल्या.

इंजिनियर असल्यामुळे मी हिशोब केला. दहा बाय बारा फुटांची खोली, वर एक फूट माती. घनमीटरला सोळाशे किलो धरले तरी वजन पाच टनांच्या पुढे जातं. माती दोन फूट झाली की दहा टनांच्या पुढे. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर उसानं भरलेली ट्रॉली उभी असावी तसं.

दोन फूट माती होते कशी? हाच प्रश्न मला जास्त छळतो. कुणी मूर्खपणानं टाकत नाही. पावसाळा जवळ आला की घरातली बाई वर चढते, कुठं गळतं ते आठवते आणि चार टोपल्या माती टाकते. पुढच्या वर्षी पुन्हा. आजीनं टाकली, तिच्या सासूनं टाकली, आईनं टाकली. काढली कुणीच नाही, कारण काढली तर गळेल. लेकरांच्या अंगावर पाणी पडू नये म्हणून टाकलेली माती साठत गेली, आणि शेवटी तीच लेकरांच्या अंगावर पडली.

यात दोष कुणाचा? त्या बायकांचा नाही. गवंड्यांचाही फारसा नाही; धोका आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पण माहिती झाली की जबाबदारीही बदलते. मातीच्या आणि साध्या दगडी घरांना भूकंपात सावरायचं कसं, याची भारतीय मानकं १९९३ सालीच निघाली. त्याआधी पडलेल्या माळवदासाठी मी माझ्या पूर्वजांना जाब विचारू शकत नाही. त्यानंतर ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून बांधलेल्या घरासाठी मला जाब विचारता येईल.

आमच्या टीममधला एकजण मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराहून काम करतो. तो गावाकडे आईवडिलांसाठी अडोबीचं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचं घर बांधतोय. एका कॉलनंतर आम्ही यावरच बोलत बसलो. ७ सप्टेंबर २०१७ ला त्यांच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ओआहाका राज्यात हुचितान शहरातली कितीतरी जुनी घरं पडली. त्यानंतर तिकडेही हाच वाद. एक म्हणतो माती मारते, दुसरा म्हणतो माती आमची ओळख. तो मला म्हणाला, “माझे वडील मातीला घाबरत नाहीत. न बांधलेल्या कोपऱ्याला घाबरतात.” सिमेंटनंही कुणाला अभय दिलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात काँक्रीटच्याच इमारती पत्त्यांसारख्या पडल्या.

म्हणजे माती की सिमेंट हा माझा वाद चुकीच्या जागी चालला होता. ऑफिसात जुन्या कोडमध्ये अशा ओळी असतात, ज्या का आहेत हे कुणालाच माहीत नसतं, आणि म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. आम्ही वर नवं लिहीत जातो आणि त्याला काळजी म्हणतो. परंपरेच्या बाबतीत मी तेच करत होतो. त्यातही ओझं माझ्या डोक्यावर नव्हतं. ज्या छताखाली मी झोपणार नाही, जी जमीन मी सारवणार नाही, तिच्याबद्दलचा माझा जिव्हाळा खरा असेल, पण तो फुकटचा होता. जुनं जपायचा हट्ट धरायचा असेल, तर त्याच्या कष्टात आणि धोक्यात वाटा घेतला पाहिजे. तेवढी तयारी नसेल तर मत द्यावं, निर्णय देऊ नये.

निर्णय आईनं दिला. स्वयंपाकघर आणि तिची झोपायची खोली स्लॅबची. कॉलम, बीम नीट बांधलेले, फरशी घातलेली. समोरचं माळवद ठेवायचं, पण हलकं करून. नांदेडहून एका सिव्हिल इंजिनियरला बोलावलं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जोड घालायचे, खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके आधार द्यायचे, वर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फक्त सहा इंच माती ठेवायची, असं ठरलं. आणि दरवर्षी जेवढी माती नव्यानं घालायची, तेवढी जुनी आधी काढायची. ते काम माझं. मेमध्ये आठ दिवसांची रजा आताच टाकून ठेवली आहे.

पहिल्या दिवशी फावडं घेऊन वर चढलो. छताच्या कडेला उभा काप घेतला, तेव्हा थर स्पष्ट दिसले. काही करडे, काही पिवळसर, मध्येच भुसकटाची रेघ. आई शिडीवर उभी राहून बघत होती. एका थराकडे बोट दाखवून म्हणाली, “हा तू पोटात होतास त्या वर्षीचा असंल. लय गळलं होतं तवा. सातवा महिना होता, तरी मीच चढले होते.”

मी हातातलं फावडं खाली ठेवलं.

“थांबलास कशाला?” ती म्हणाली. “काढ.”

तीन ट्रॉल्या माती निघाली. पांढरीतली माती आम्ही काळीत नेऊन पसरली.